ओदेमिशचा लाल रंग

"हाल्दून, दहापैकी सहा," वेज्दी होजांनी निकाल देऊन टाकला आणि सगळा वर्ग हसला.

प्रश्न तसा सोपा होता. इंग्रज ज्याला 'व्हाइट लाय' म्हणतात, म्हणजे पांढरं खोटं, त्याचं रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण द्यायचं होतं. आमच्या तुर्कीतही असलं खोटं पांढरंच असतं, काही जण त्याला गुलाबी म्हणतात एवढंच. मी न्हावी माणूस. मी म्हटलं होतं, "गिऱ्हाईक आरशात बघून विचारतं, केस विरळ झालेत का रे? मी म्हणतो, छे, गेल्या वर्षी होते तेवढेच आहेत."

"पण चार मार्क कुठे गेले, होजाम?" मी विचारलं. आमच्याकडे शिक्षकाला असंच म्हणतात, तो शाळेतून निवृत्त झाला तरी आणि विद्यार्थ्याचे केस पिकले तरी.

"ते गिऱ्हाईक पुन्हा तुझ्याकडेच येतं की नाही?"

"येतं की."

"मग फायदा तुझा झाला. पांढरं खोटं बोलणाऱ्याला त्यातून काही मिळता कामा नये. मिळालं की डाग पडला. समोरच्याचं मन राखायचं आणि आपण रिकाम्या हाताने घरी जायचं. तसं उदाहरण आण, दहा देतो."

"हा आणि रिकाम्या हाताने!" मागून बेकरीवाली गुलसेरेन म्हणाली. तिच्या तोंडाला कुलूप नाही. "होजाम, याने देवाचे केस कापले तरी हा बक्षिसी मागेल."

दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या ओदेमिशच्या प्रौढ शाळेत हा वर्ग भरतो. मी इंग्रजी कशाला शिकतो हे बायको मला अजून विचारते. खरं सांगायचं तर लहानपणी याच होजांकडे मी इंग्रजीत दरवर्षी नापास व्हायचो, आणि तरी मला त्यांचाच तास आवडायचा. त्यातही रंगांचा तास. ओदेमिशमध्ये जो कोणी शाळेत गेला आहे, त्याने होजांचा रंगांचा तास ऐकलेला आहे. इंग्रज उदास झाला की 'निळा' होतो, असं त्यांनी सांगितलं की पोरं चक्रावून जायची. आमच्याकडे निळा मणी दारावर, पाळण्यावर, ट्रॅक्टरवर, सगळीकडे टांगलेला. वाईट नजर लागू नये म्हणून जो रंग लावायचा, त्याच रंगाने माणूस रडवेला कसा होईल? होजा म्हणायचे, "तिकडे आभाळच क्वचित निळं दिसतं, त्यांना त्या रंगाची सवय नाही." मग ते आमच्यातला 'काळ्या दिवसाचा मित्र' इंग्रजीत कसा न्यायचा ते विचारायचे. पडत्या काळात जो सोडून जात नाही तो. पोरं शब्दाला शब्द ठेवून मोकळी व्हायची, आणि होजा हसून म्हणायचे, "इंग्रजाला वाटेल, बिचाऱ्याचा मित्र अंधारात हरवलाय."

इतक्या रंगात येऊन रंग शिकवणाऱ्या या माणसाला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नव्हता.

हे मला ठाऊक होतं आणि मला वाटायचं, त्यांची बायको मेलाहतबाई सोडल्या तर मला एकट्यालाच ठाऊक आहे. माझ्या दुकानात दाढीचे टॉवेल लाल आणि केस रंगवायचे हिरवे. एकदा माझे हात साबणाने भरलेले असताना मी म्हटलं, "होजाम, तो लाल टॉवेल द्या जरा." त्यांनी दोन्ही टॉवेलांवरून हात फिरवला, क्षणभर थांबले आणि हिरवा दिला. मी तो घेतला आणि त्यानेच गिऱ्हाइकाचं तोंड पुसलं. त्यानंतर मी बघायला लागलो. त्यांच्या टायच्या आतल्या बाजूला बारीक गाठी असायच्या. लाल टायला एक, हिरव्याला दोन. फळ्यावर लिहायच्या लाल पेनाला दोरा गुंडाळलेला असायचा. ही सगळी मेलाहतबाईंची करामत. त्या दोन हिवाळ्यांपूर्वी गेल्या. पेनावरचा दोरा झिजून गळून पडला, पेनंही नवी आली, आणि होजा तेव्हापासून फक्त काळ्या पेनाने लिहू लागले. वर्गात कुणी कारण विचारलं नाही.

तर अशा माणसाच्या घरी लग्न निघालं. त्यांची एकुलती एक मुलगी बेर्रिन, इझमिरला बँकेत असते. नवरामुलगा बालिकेसिरचा, दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. आमच्याकडे मुलगी माहेरचा उंबरा ओलांडण्याआधी बाप तिच्या कमरेला लाल फीत बांधतो. दोनदा वेढा घालून काढून घ्यायचा आणि तिसऱ्यांदा गाठ मारायची. दारात वरात उभी असते, सगळं गाव बघत असतं, आणि कसल्याही दगडाच्या काळजाचा बाप असला तरी त्या गाठीशी त्याचे हात कापतात.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी होजांची दाढी करायला त्यांच्या घरी गेलो. खिडकीपाशी खुर्ची मांडली, साबण फेसला. स्वयंपाकघरातून त्यांची बहीण नाझमिये बाहेर आली. तिच्या हातात शंभर कामं होती आणि जिभेवर शंभर आज्ञा.

"वेज्दी, फीत बाजारातून नवी आणू का?"

"नको. मेलाहतची आहे. तिच्या लग्नातली."

"मग मी काढून ठेवते पेटीतून."

"मी काढतो."

"अरे, तुला सापडायची नाही! पुरुष माणसाला पेटीतलं काही सापडलंय का कधी?"

"पेटी माझ्याच घरात आहे, नाझमिये. सापडेल."

नाझमिये माझ्याकडे बघायला लागली. वस्तरा होजांच्या गळ्यावर होता, म्हणून मला गप्प बसायला बरं निमित्त मिळालं.

ती आत गेल्यावर होजा हळूच म्हणाले, "हॉस्पिटलात शेवटी शेवटी मेलाहत म्हणाली होती, फीत पेटीच्या तळाशी आहे. तुम्ही स्वतः काढा, स्वतः बांधा. मी हो म्हटलंय."

"मग तुम्हीच काढायला हवी, होजाम," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दाढी झाली. ते आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. पेटीचं झाकण करकरलं. मग बराच वेळ काही आवाज आला नाही. मी वस्तरा पुसला, पुन्हा पुसला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून हात फिरवला.

"मिळाली?"

"मिळाली."

'बघू जरा' एवढे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण ते बोललो असतो तर मला ठाऊक आहे हे त्यांना कळलं असतं. सगळा जन्म त्यांनी जे झाकून ठेवलं, ते मी मुलीच्या लग्नाच्या दिवशी उघडं करायचं? आणि फीत बरोबरच असेल तर? मी पिशवी उचलली आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. इतकं भित्र्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दुपारी वरात आली. ढोलवाला आणि सनईवाला दारात, अंगणातल्या तुतीच्या झाडाखाली गुलसेरेन, किराणावाला, शाळेतले जुने शिक्षक, निम्मी गल्ली. बेर्रिन पांढऱ्या झग्यात दारात आली. आईचा चेहरा घेऊन जन्मली आहे पोरगी. होजा तिच्यासमोर उभे राहिले. ढोल थांबला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि फीत दोन्ही हातांवर धरली.

फीत हिरवी होती. हिरवीगार.

अंगणात कुणी हललं नाही. मी आजूबाजूला बघितलं. वाटलं, आता कुणीतरी हसेल, कुणीतरी विचारेल. गुलसेरेन आपल्या चपलांकडे बघत होती. किराणावाल्याने टोपी काढून हातात घेतली होती. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच काळजी होती, माझ्याच चेहऱ्यावर असेल तीच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. किराणावाला वर्षानुवर्षं यांचे टोमॅटो स्वतः निवडून द्यायचा. गुलसेरेन वर्गात यांच्या हातात बरोबर पेन सरकवायची. गुपित माझं एकट्याचं नव्हतंच. सगळं गाव ते सांभाळत होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपणच.

फक्त बाहेरगावच्या माणसाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. नवऱ्यामुलाची आई एक पाऊल पुढे आली. "अगं बाई, पण ही तर..."

"विहीणबाई," नाझमिये मध्येच म्हणाली, आणि तिच्या आवाजाला अशी धार होती की माझा वस्तरा बोथट वाटावा. "आमच्या ओदेमिशचा लाल असाच असतो."

होजांनी मान वर केली. रंग दिसत नसले तरी तीस-पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस. चेहरे त्यांना कुणाहीपेक्षा जास्त वाचता येतात. त्यांनी बहिणीकडे बघितलं, विहीणबाईंकडे बघितलं, मग हातातल्या फितीकडे. त्यांचे हात खाली यायला लागले.

बेर्रिनने ते हात खालून धरले. "बाबा, आईची फीत ना? बांधा. घट्ट बांधा."

माझ्याच्याने राहवलं नाही. मी ढोलवाल्यावर ओरडलो, "बघतोस काय? वाजव की!"

ढोल वाजला. होजांनी पहिला वेढा घातला आणि काढला. दुसरा घातला आणि काढला. तिसऱ्याला गाठ मारली. त्यांचे हात कापत होते, पण ते तर सगळ्याच बापांचे कापतात. पांढऱ्या झग्यावर ती हिरवी फीत, खोटं कशाला बोलू, छान दिसत होती. बेर्रिनने वडिलांचा हात ओठांना आणि मग कपाळाला लावला. गाडी निघाली तशी गुलसेरेनने घागरभर पाणी मागे ओतलं, पाण्यासारखी सुखाने जा आणि पाण्यासारखी सुखाने परत ये म्हणून.

माणसं पांगली. नाझमिये आतून आली आणि मला बाजूला घेऊन तिने मूठ उघडली. मुठीत लाल फीत होती, घडी न मोडलेली.

"शेजारी शेजारी होत्या," ती म्हणाली. "तो हिरवा रेशमी पट्टा कुराणाच्या बासनाचा. रुंदी तीच, पोत तोच. सगळ्या घराला गाठी मारून ठेवल्या मेलाहतने, पण हिला मारली नाही रे. तिला वाटलं, या दिवशी आपण असूच."

शंभर आज्ञा देणारी ती बाई डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसत आत गेली.

होजा तुतीखालच्या बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. समोरच्या ओल्या रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "हाल्दून, फीत कुठल्या रंगाची होती?"

"लाल होती, होजाम. लालभडक."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. वर्गात उत्तर ऐकल्यावर बघतात तसंच. "आणि यात तुझा फायदा काय?"

"काही नाही, होजाम."

त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीने पुसला आणि पुन्हा घातला.

"दहा," ते म्हणाले.

मला रडू आलं. शाळेत मी त्यांच्या हाताखाली एकदाही पास झालो नव्हतो.

पुढच्या मंगळवारी मला वाटलं, होजा काही येत नाहीत. पण ते नेहमीच्या वेळेला आले. त्याच कोटात, नीट दाढी करून. दाढी त्यांनी घरीच केलेली होती, हनुवटीखाली कापलं होतं. गुलसेरेन सवयीने काळं पेन पुढे करायला उठली, तर त्यांनी तिला हाताने थांबवलं. पेनांचा डबा स्वतः उघडला. त्यातून दोन पेनं काढली आणि दोन हातांत वर धरली, सगळ्यांना दिसतील अशी.

"हाल्दून," त्यांनी विचारलं, "यातलं लाल कुठलं?"

इतक्या वर्षांत त्यांनी असं कुणाला विचारलं नव्हतं.

"डाव्या हातातलं, होजाम."

"नक्की?"

"नक्की. आज खरं सांगतोय."

त्यांनी मान हलवली. उजव्या हातातलं पेन डब्यात ठेवलं. मग खिशातून मेलाहतबाईंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढला, टेबलापाशी बसले आणि लाल पेनाला गुंडाळायला लागले. गाठ काही केल्या बसेना. दोनदा सुटली. गुलसेरेन पुन्हा उठायला गेली तशी मी तिची बाही धरून तिला खाली बसवलं. आम्ही सगळे वह्या उघडून, माना खाली घालून बसून राहिलो, त्यांची गाठ बसेपर्यंत.