हसाजीची खाच

गजेंद्र करायला गेला गणपती आणि झाला मारुती, हे त्याची बायको पुष्पांजली पुढे हसत हसत सांगायची. पण ज्या दिवशी झालं त्या दिवशी घरात कुणालाच हसू आलं नव्हतं.

गाव धरणाच्या पाण्याखाली जायचं होतं. पूर्णेकाठच्या त्या साडेतीनशे घरांना सहा किलोमीटरवर नवे प्लॉट मिळाले होते, आणि महिनाभर ट्रॅक्टरच्या खेपा सुरू होत्या. लोक टिनपत्रे नेत होते, सागाच्या नाटी नेत होते, एकानं तर संडासाचं दारही सोडलं नाही. पुष्पांजलीच्या सासऱ्यांनी, वामनरावांनी, मात्र एवढंच मागितलं होतं, "मले काही नको. चौकट तेवढी आपली न्या."

ती चौकट घरापेक्षा जुनी. या तेली घराण्यात घर कितीदा पडलं, कितीदा बांधलं, पण दाराची सागवानी चौकट तीच. आत येताना उजव्या हाताच्या खांबावर, खांद्याच्या उंचीला, बोटभर लांबीची एक तिरकी खाच होती. खाचेत काहीच नसायचं. घरातला माणूस येता-जाता दोन बोटं त्या खाचेला लावी आणि मग ओठांना. कशासाठी, ते कुणीच सांगत नसे, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

गजेंद्रनं बापाची इच्छा राखली. चौकट उपटून मोतीराम सुताराकडे दिली. आता मोतीराम पडला कामसू माणूस. त्यानं चौकट रंध्यानं साफ केली, खाच पाहून त्याला वाटलं जुन्या कोयंड्याची जागा असेल, म्हणून सरस आणि लाकडाचा भुसा कालवून ती बेमालूम बुजवली, वरून चॉकलेटी ऑईलपेंटचे दोन हात मारले. बसवल्यावर चौकट अशी चकाकली की येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. त्याचे पैसेही त्यानं वेगळे लावले नाहीत.

गृहप्रवेशाला वामनराव नवं धोतर नेसून ट्रॅक्टरवरून आले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, दृष्टी अधू, पण हात मात्र सवयीनं बरोबर जागी गेला आणि रंगावरून सटकला. त्यांनी वर चाचपलं, खाली चाचपलं. मग मागे वळले आणि परत ट्रॅक्टरवर जाऊन बसले. पूजेचा नारळ भटजींच्या हातातच राहिला.

तेव्हापासून ते जुन्या घरी होते. म्हणजे घर कसलं, चौकट काढल्यावर भिंतीला राहिलेलं एक भगदाड आणि त्यावर लटकवलेलं पोतं. महिनाअखेर सगळं गाव रिकामं करायचं होतं. गजेंद्र रागावला, मग विनवून दमला. पुष्पांजली रोज शाळा सुटली की डबा घेऊन जायची. चौथ्या दिवशी तिनं विषय काढला.

"मामाजी, मोतीराम लाजून राह्यला बिचारा. म्हणते, पुन्हा कोरून देतो, होती तशी."

वामनराव भाकरी कुस्करत राहिले. "बुजलेली खाच पुन्हा कोरलेली चालते का पुष्पा?" ते म्हणाले. "माह्या बापाले, पुंजाजीले, माहीत नव्हतं ते कायची हाय. त्याच्या बापालेही नसन. आमी नुसता हात लावत आलो. अन् आता माह्या हयातीत बुजली. चालते का नाई, हे मी इचारू कोणाले? सांगणारं कोणी उरलं का?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुष्पांजलीनं सव्वीस वर्षांत सासऱ्याला रडताना पाहिलं नव्हतं, सासू गेली तेव्हाही नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

कारण ती या खाचेला मनातल्या मनात हसत आली होती. अमडापूरची मुलगी, बी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवणारी. माप ओलांडून आली त्या दिवशी सासूनं, अन्नपूर्णाबाईंनी, तिचं मनगट धरून बोटं खाचेला लावली होती. पहिल्याच दिवाळीत तिनं त्या भोकाचा उपयोग करावा म्हणून त्यात उदबत्ती खोचली, तर एरवी गाईसारखे शांत असलेले सासरे तिच्यावर ओरडले होते. दुसरी तऱ्हा शनिवारची. गावोगाव शनिवारी मारुतीला तेल घालायला झुंबड, आणि यांचा घाणा शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारच्या दिवेलागणीपर्यंत बंद! गिऱ्हाईक शुक्रवारीच बाटली भरून नेई आणि वर टोमणा मारी, "तेली असून शनिवारी सुट्टी? मोठे सायब हा तुम्ही." गजेंद्रनं आता विजेचा घाणा घेतला होता, तोही शनिवारी गप्पच असे. शनीला राग येतो म्हणून, असं तो सांगायचा. शनीला तेलाचा राग कसा येईल, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

पुनर्वसनाच्या कागदांसाठी वंशावळ लागत होती. त्यासाठी पुष्पांजलीनं पंधरा दिवसांपूर्वीच जळगाव जामोदला शेखरभाऊंकडे जुन्या कोतवाल बुकाच्या नकला दिल्या होत्या. कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, मोडी लिपीतली. निवृत्त कारकून शेखरभाऊ तेवढं वाचून देत, म्हणून त्यांच्या ओसरीवर सध्या तालुका लोटला होता. दुसऱ्या दिवशी ती तिथं गेली ती केवळ कागद आणायला.

"वहिनी, तुमचा मूळ पुरुष सापडला," शेखरभाऊ म्हणाले आणि बोट ठेवून वाचू लागले. "मयत हसाजी. उमर सत्तर. धंदा तेल गाळणे. मूळ राहणार अष्टमी, जिल्हा कुलाबा. रेल्वेच्या कामावर आला तो इथेच राहिला. तापाने मेला. वारसांनी शेतात पुरला."

"पुरला?" पुष्पांजलीनं विचारलं. या घराण्यात आजवर कुणाला पुरल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.

"तेच तर म्हणतो." शेखरभाऊंनी चष्मा काढला. "तुमचा घाणा शनिवारी बंद असते, हे सारा तालुका जाणते. मी दहा वर्सं अलिबागले नोकरीत होतो. कुलाबा म्हणजे तोच जिल्हा, नाव तेवढं बदललं. तिथं माही घरमालकीण होती, रिबकाबाई. त्यायचे पूर्वज तेल गाळत. शनिवारी घाणा बंद. कोकणातले लोक त्यायले शनवार तेलीच म्हणत. पण ते यहुदी होते वहिनी, बेने इस्राईल. ते मेलेल्याले पुरतात. दोन हजार वर्सांपूर्वी गलबत फुटून किनाऱ्याले लागले, असं ते सांगतात."

यहुदी हा शब्द पुष्पांजली दरवर्षी सातवीच्या वर्गात उच्चारायची, भिंतीवरच्या नकाशात पट्टीनं दूरवरचा देश दाखवायची. ती पट्टी आता नकाशावरून उतरून तिच्याच उंबऱ्यावर येऊन टेकली होती. चौकटीवरची खाच बुजल्याचं तिनं शेखरभाऊंना सांगितलं.

"एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाई हं," शेखरभाऊंनी बजावलं. "शनिवार पाळणारा दुसराही कोणी असू शकते. पण इचारायले काय जाते? नंबर घ्या. उद्या सकाळीच लावा, शुक्रवार हाय. संध्याकाळी दिवे लावले की त्यायचा शनिवार लागते, मग त्या फोन घेत नाईत."

रात्री तिनं गजेंद्रला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "म्हणजे आता आपण कोण झालो?"

"होतो तेच," ती म्हणाली. "फक्त कुठून आलो ते समजून राह्यलं."

जुन्या गावात रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर मिळायची. शाळेचे पत्रे कधीच गेले होते, ओटा तेवढा शिल्लक होता. शुक्रवारी सकाळी तिनं वामनरावांना तिथं आणून बसवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक गोरी, सुरकुतलेली, नऊवारीतली म्हातारी आली. कपाळ रिकामं, नाकावर चष्मा, आणि तोंडात आपलीच मराठी.

"शेखरनं सांगितलंय मला," रिबकाबाई म्हणाल्या. "भाऊसाहेब, तुम्ही काही सांगू नका. मी विचारते, तुम्ही नुसतं हो की नाही म्हणा. तुमची ती खाच, घरात शिरताना उजव्या हाताला?"

"हाव," वामनराव म्हणाले.

"साधारण खांद्याइतकी उंच?"

"हाव."

"उभी नाही, आडवी नाही, तिरकी. वरचं टोक घराच्या आत झुकलेलं?"

वामनरावांनी मान हलवली. तिरकी आहे हे शेखरभाऊंनाही माहीत नव्हतं. टोक कुणीकडे झुकलंय, हे तर सव्वीस वर्षं हात लावूनही पुष्पांजलीच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मोतीरामच्या रंध्याखाली गेलेली ती खाच सहाशे किलोमीटरवर बसलेली बाई, कधीही न पाहता, जशीच्या तशी सांगत होती.

"थांबा," रिबकाबाई म्हणाल्या. त्या फोन घेऊन कष्टानं उठल्या. पडदा हलला, जमीन दिसली, पाटाखाली सरकलेली मांजर दिसली, मग एक निळं दार. दाराच्या खांबावर बोटभर लांबीची पितळी नळी तिरकी ठोकलेली होती. म्हातारीनं उजव्या हाताची दोन बोटं नळीला लावली, ओठांशी नेली आणि क्षणभर डोळे मिटले.

वामनरावांचा हात आपोआप वर गेला होता. समोर दार नव्हतं, खांब नव्हता, नुसती हवा होती. त्या हवेला त्यांनी दोन बोटं लावली आणि ओठांना लावली. पुष्पांजलीला जाणवलं, हे आता इथं होतंय ते फार लांबून, फार जुन्या काळातून चालत आलंय, आणि वाटेत सगळं सांडलं तरी एवढं एक सांडलेलं नाही. देव कसला ते विसरले, भाषा विसरले, नाव विसरले. हात विसरला नाही. ती सासऱ्यांच्या शेजारी खाली बसली.

"तुमच्या त्या नळीत काय असते बाई?" वामनरावांनी अखेर विचारलं.

"चामड्यावर लिहिलेले चार शब्द. ऐका, देव एकच आहे, त्याच्यावर जीव लावा, आणि हे आपल्या दाराच्या खांबावर लिहून ठेवा. तुमच्या हसाजींकडे लिहून देणारं कुणी नसणार इथं, किंवा होतं ते झिजून गेलं असेल. खाच तेवढी राहिली." त्या थांबल्या. "तुम्ही आमचे की नाही, ते मी ठरवणारी कोण? पण हात बाई आमच्याच घरातला वाटतो."

"एक इचारायचं हाय. आमची खाच बुजली. पोरानं चांगल्यासाठीच केलं, पण बुजली. पुन्हा कोरली तर चालते?"

रिबकाबाई हसल्या. "अहो, आमची माणसं किती घरं सोडून आली! दर नव्या घरी नव्यानंच लावतात. कोरा, भाऊसाहेब. आणि नव्या घरी पोचलात की कळवा हो. आमच्या जिवाला घोर नको."

दुपारपर्यंत मोतीराम पटाशी घेऊन नव्या घरी हजर झाला. वरचं टोक आतल्या बाजूला झुकवायचं, हे गजेंद्रनं त्याला चारदा बजावलं आणि पाचव्यांदा स्वतः पेन्सिलीनं आखून दिलं. रंगाखालचं जुनं सागवान पिवळंधमक निघालं. शेजारच्या शालूबाई तेलाची बाटली घेऊन आल्या होत्या, त्यांना बाटली भरून दिली आणि घाणा बंद केला.

ऊन उतरताना सासऱ्यांना घेऊन ट्रॅक्टर आला. वामनराव चौकटीपाशी उभे राहिले, पण त्यांनी हात उचलला नाही. "तू लाव आधी," ते सुनेला म्हणाले. "तुह्यामुळंच हे मले सापडलं."

पुष्पांजलीनं बोटं लावली. ताज्या लाकडाची कूस टोचली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं ती बोटं ओठांशी नेताना घाई केली नाही. मग तिनं सासऱ्यांचं मनगट धरलं, जसं अन्नपूर्णाबाईंनी एकदा तिचं धरलं होतं, आणि त्यांचा हात खाचेवर ठेवला. बोटं ओठांना लावून म्हातारा उंबरा ओलांडून आत गेला.

आत जाऊन पाणीही न पिता ते म्हणाले, "पुष्पा, फोन लाव. दिवे लागायच्या आत लाव."

रिंग दोनदा वाजली. तिकडून आवाज आला, "बोला, भाऊसाहेब."

वामनरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "बाई," ते म्हणाले, "पोचलो आमी."