ब्लाउजची पाकिटं

शिवणकाम करणारी ताई विकतच्या पाकिटांना नाक मुरडायची. ब्लाउज बेतायची जुनी पेपर कटिंग्ज, म्हणजे कागदी साचे, न कापता, नुसत्या घड्या घालून ती पाकिटं करायची, वर रद्दीतल्या मासिकांची फुलं डकवायची आणि परगावच्या धाकट्या बहिणीला पत्र धाडायची. "पाकीट नीट बघतेस, की टराटरा फाडतेस?" दर पत्रात हीच चौकशी. धाकटी उत्तरात फक्त खुशाली कळवायची.

एके दिवशी धाकटीकडून जाडजूड टपाल आलं. काय असेल म्हणून ताईनेच ते टराटरा फाडलं, तर आत ब्लाउज! पुढचा भाग होता, बाह्या होत्या, पाठीचा मात्र पत्ता नव्हता. सोबत चिठ्ठी होती: "ताई, तुझी सगळी पाकिटं वाफेवर उकलून त्यांवरून बेतला. आता पाठीचं पत्र कधी टाकतेस?"