एकोणीस फेऱ्यांचा तुकडा

सिल्व्हिया पाटोळे हे नाव श्रीरामपुरात घेतलं की माणसं आधी हसतात, मग आवाज खाली करून विचारतात, "तीच ना, बायकांना नवऱ्याबद्दल घाणेरडं विचारणारी?" हो, त्याच. मी बाईंकडं अकरा वर्षं काम केलं. टायपिंग केलं, स्वयंपाक केला, त्यांच्याबरोबर एसटीनं गावंच्या गावं पालथी घातली. नवऱ्यानं नांदवली नाही म्हणून माहेरी पडले होते, तिथून त्यांनी मला उचललं. दहावी बाहेरून दिली ती त्यांच्याच ओट्यावर बसून.

बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. बेडकाचं प्रजनन बावीस वर्षं फळ्यावर काढलं, कुणाचं काही बिघडलं नाही. मग त्यांनी माणसाच्या बाईला विचारायला सुरुवात केली, की तुला सुख मिळतं का. तेव्हा सगळ्यांना संस्कृती आठवली. कॉलेजनं राजीनामा लिहून घेतला. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसेना. पाळकसाहेब घरी आले, "सिल्व्हियाताई, प्रार्थना करू या" म्हणाले, आणि डोळे मिटून देवापुढं ताईंचीच तक्रार करून गेले. शहरातले शहाणे लोक वेगळे. ते चहा पाजून म्हणायचे, "खेड्यातल्या बाईचा प्रश्न पाण्याचा आहे हो, याचा नाही."

"हंडा उतरवल्यावर ती कुठं झोपते, ते विचारलंत का कधी?" बाई म्हणायच्या.

त्यावर बिस्किटाची बशी पुढं सरकायची.

आधी आम्ही छापील फॉर्म घेऊन फिरलो. सासवा विचारायच्या, कसली योजना, किती मिळणार. निम्म्या बायकांना लिहिता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्या सगळीकडं 'हो, समाधानी' लिहून मोकळ्या होत होत्या. मग गोधडीची कल्पना मीच दिली. गोधडी शिवताना बायका बोलतात. मान खाली, हात चालू, कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. आमच्याकडं गोधडी बाहेरच्या कडेनं सुरू करून फेऱ्याफेऱ्यानं आत शिवत नेतात. बाईंनी तेच धरलं. प्रत्येकीला हातभर कापड द्यायचं. लग्नाच्या एका वर्षाला एक फेरा. त्या वर्षी अंथरुणात आपल्याला बरं वाटलं असेल तर लाल दोरा, नाहीतर काळा. सासूनं बघितलं तरी तिला काय दिसणार, सून शिवतीय. शिवून झालं की ती जे बोलेल ते बाई वहीत उतरवायच्या. नाव नाही, फक्त आकडा. आठ वर्षांत दोनशे बारा तुकडे झाले. काळ्या दोऱ्याची रिळं आम्हाला डझनानं आणावी लागली. लाल दोऱ्याची दोन पुरली.

एकशे सत्तेचाळीस नंबरची लंकावहिनी. तिसगावच्या अलीकडं माझ्या माहेरची वस्ती आहे, तिथं आमच्या शेजारचा रंगनाथ, त्याची बायको. मीच तिला बसवलं होतं. एकोणीस फेरे, अठरा काळे, मधला एक लाल.

"हे काय झालं मधीच?" बाईंनी विचारलं.

"त्या सालाला त्याचा पाय मोडला हुता," लंकावहिनी दोरा दातानं तोडत म्हणाली. "चार म्हैने पलस्तर. त्याला हालता येईना. मंग मी म्हणंन तसं."

"आणि पाय बरा झाल्यावर?"

"पाय बरा झाला ना बाई."

आम्ही तिघी इतक्या हसलो की तिची सासू झुंबरबाई दारात येऊन बघून गेली. त्यानंतर लंकावहिनी दोन तास बोलली. ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं होतं.

पुस्तक निघालं, त्यात आकडे आणि प्रत्येकीच्या बोलण्यातली एखादी ओळ एवढंच होतं. मुखपृष्ठावर कुठला तुकडा घालायचा ते मी ठरवलं. एकशे सत्तेचाळीस. एवढ्या काळ्यात तो एक लाल फेरा असा दिसायचा की नजर हलत नव्हती. बाई म्हणाल्या, "कुणाला ओळखू तर येणार नाही ना?" मी म्हणाले, "कापडावर काय नाव असतं का?"

बाई बंगल्यात गादीवर वाढलेल्या, त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. गोधडीचा फेरा कोपऱ्यावर वळवायची रीत प्रत्येक गावाची वेगळी असते आणि पोरगी ती आईकडून उचलून सासरी नेते. म्हाताऱ्या बायका कोपरा बघून सांगतात, सून कुठली. लंकावहिनी आष्टीकडची. एक टाका मागं घेऊन वळायची. आमच्या अख्ख्या वस्तीत तसा हात दुसरीचा नव्हता. हे मला सातवीपासून माहीत होतं, आणि पुस्तक देखणं दिसावं म्हणून मी त्या वेळेला विसरले. विसरले म्हणते, खरं तर दाबलं.

मुखपृष्ठाचा फोटो मोबाईलवर फिरत फिरत वस्तीवर गेला. कुणीतरी खाली लिहिलंही होतं, काळा म्हणजे काय, लाल म्हणजे काय. झुंबरबाईला कुणा नातवानं दाखवला. ती म्हणाली, "हा तर आमच्या लंकीचा कोपरा." बास, एवढंच. संध्याकाळी चहाच्या टपरीवर गोरक्षनं रंगनाथला विचारलं, "का रं रंगा, एकोणीस वर्सांत एकच साल पिकलं व्हय?" दुसरा म्हणाला, "अन् ते बी लंगडं." टपरी हसली. रंगनाथ घरी गेला आणि लंकावहिनीला धोपटून पिशवीसकट रस्त्यावर काढलं. हे कळलं त्या रात्री मी बाईंना कोपऱ्याचं सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात टेम्पो भरून माणसं श्रीरामपूरला आली. दारात चपला काढायची शिस्त मात्र सोडली नाही कुणी.

"मॅडम, बाकीचे तुकडे दावा."

"का?"

"आमच्या बायकांचे हायेत. आमाला बघायचा हक हाय."

"मग त्यांनाच विचारा," बाई म्हणाल्या. "घरी आहेत त्या. गेली वीस वर्षं घरीच आहेत."

एक जण पुढं आला तसा दुसऱ्यानं त्याला धरलं. जाताना सांगून गेले, अर्ज देतोय, पोलिसच येतील आन् कपाट फोडून नेतील. बाईंच्या वकिलानंही फोनवर तेच सांगितलं. बदनामीची तक्रार आहे, मूळ पुरावा म्हणून तुकडे आणि वह्या जप्त होऊ शकतात. म्हणजे ठाण्यातल्या टेबलावर दोनशे बारा कोपरे उघडे पडणार, आणि कोण कुठली ते सांगायला गावोगावच्या झुंबरबाया आहेतच.

दुसऱ्या बाजूनं शहरातल्या एका प्राध्यापकानं लिहिलं होतं की हे आकडे बाईंनी घरात बसून रचलेत, असं बोलणारी खेडवळ बाई नसतेच. त्यांची समिती मूळ साहित्य बघायला पंधरा तारखेला येणार होती. बाईंनीच त्यांना बोलावलं होतं. म्हणाल्या होत्या, एकदा तुकडे हातात घेतले की तोंड बंद होईल.

नऊ तारखेला सकाळी बाईंनी न्हाणीघरातला बंब पेटवला.

मी आडवी आले. म्हणाले, राजूरला माझ्या ओळखीची एक बाई आहे, तिथं डोंगरात कोण शोधतंय, लपवून ठेवू. बाई म्हणाल्या, "लपवलेलं सापडतं, पूजा. तू कोपरा लपवलास, सापडला ना?" तेवढंच त्या मला बोलल्या, आयुष्यात पुन्हा त्यावर बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जुनं सुती कापड भराभर जळतं. वह्या नाही जळत, त्यांची पानं सोडवून घालावी लागली. बाई एकेक पान वाचत होत्या म्हणून वेळ लागत होता, शेवटी मी वह्या काढून घेतल्या. दुपारी दोनपर्यंत सगळं संपलं. बंबातलं पाणी उकळत होतं, ते कुणी अंगावर घेतलं नाही.

अकरा तारखेला लंकावहिनी आली. भावानं पाच दिवस ठेवून घेतलं आणि सहाव्या दिवशी एसटीत बसवून दिलं होतं. डावा हात पदराखाली धरलेला. चहा घेतला नाही. जमिनीवर बसली आणि बाईंना म्हणाली, "माझा तुकडा द्या."

"कशाला हवाय?"

"पोलिसात जायचंय. त्यानं हात मोडला, त्येची तक्रार करायची. मला इचारतील, का मारलं. मंग मी त्यो तुकडा टेबलावर ठिवीन, आन् तुमी लिवलेलं वाचाया सांगीन. मला यवढं सगळं परत तोंडानं बोलता यायचं न्हाई. आता समद्यांना कळलंच हाय, मला कसली लाज. माझं नाव बी लिवा."

बाईंनी उठून रिकामं कपाट उघडलं. मग मी सांगितलं.

"समदं?" तिनं विचारलं.

"सगळं."

"माझं बोललेलं?"

"तेही."

बाई घाईघाईनं कोरी वही घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "लंकाबाई, पुन्हा सांगा. मी लिहून घेते. पाहिजे तेवढा वेळ घ्या."

लंकावहिनी वहीकडं बघत राहिली. "येकदाच निघालं हुतं ते," ती म्हणाली. "तुमाला वाटतं, आमी कुनी इचारलं की सांगतो. आईला न्हाई सांगितलं मी. तुमाला इचारून जाळायचं हुतं ना, बाई. माझं हुतं."

बाईंनी तिचे पाय धरले. तिनं ते ओढून घेतले, बसस्टँडचा रस्ता विचारला आणि गेली. मी मागं गेले तर म्हणाली, "तू न्हाई यायचं."

समिती आली, रिकामं कपाट बघून गेली. जाळलं, असं सांगितल्यावर त्यांच्यातला एक जण समजुतीनं हसला. पेपरात आलं, वादग्रस्त संशोधिकेचा बनाव उघड. मग व्हिडिओ आला. कुण्या गावच्या पुढाऱ्यानं काढलेला. रंगनाथच्या अंगणात लंकावहिनी उभी, मागं झुंबरबाई. लंकावहिनी पाठ केल्यासारखं बोलत होती: "त्यो तुकडा माझा न्हाई. मी काय बी सांगितलं न्हाई. त्या बाईनं समदं खोटं लिवलं. माझं मालक देवमाणूस हायेत."

बाईंनी तो दोनदा बघितला.

"तुम्ही काही खुलासा करणार?" मी विचारलं.

"नाही. ती म्हणते तेच खरं राहू दे." मग मोबाईल पालथा ठेवून, "घरात घेतलं का तिला?"

"घेतलं."

"हाताला प्लास्टर होतं का? मला नीट दिसलं नाही."

नव्हतं. हात तसाच लोंबत होता. मी म्हणाले, पदर होता, दिसलं नाही.