पाणी सांडणाऱ्याचा पहिला हात

रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी दिंडोरीजवळच्या एका प्रार्थना मंडळाच्या नव्या सभागृहाचा स्लॅब कोसळला. आत सतरंज्या अंथरत असलेले सविता (२९) आणि देवराम (६१) जागीच ठार झाले. अकराला तिथे वर्धापनदिनाची प्रार्थना होती. सहाशे माणसं बसणार होती.

संध्याकाळी पोलिसांनी मंडळातल्याच पुंजाराम मिस्तरीला ताब्यात घेतलं. स्लॅबखालचा पहिला टेकू त्यानेच काढला, असं तिघांनी सांगितलं होतं. ते खरं होतं.

या मंडळाला महाराज नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी अकरा घरं एकत्र बसू लागली, तेव्हाच ठरलं की गादी नको. बैठकीत मध्यभागी पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचा. एखादी गोष्ट ज्याला पटत नसेल त्याने उठून तो सांडायचा. पाणी सांडलं की विषय संपला. अकरा घरांत हे निभलं. घरं दोनशेवर गेली तेव्हा अक्काबाई नावाच्या म्हातारीने सभागृहाचा विषय दोन वर्षं एकटीने अडवून धरला. झाडाखाली देव ऐकतो, छप्पर कशाला, एवढंच तिचं म्हणणं.

मागच्या चैत्रात नियम बदलला. पाणी सांडल्यावर एक तृतीयांश माणसं उठून उभी राहिली तरच विषय थांबेल. शिवाय, सांडणारा हरला तर त्याने रुसून घरी बसू नये, म्हणून ठरावाच्या कामाला पहिला हात त्यानेच लावायचा. दोन्ही सूचना पुंजारामच्या होत्या.

नव्या नियमाने सभागृह मंजूर झालं. स्लॅब ओतल्यानंतर अकराव्या दिवशी, शुक्रवारी बैठक झाली. वर्धापनदिन नव्या सभागृहात करायचा, त्यासाठी टेकू शनिवारी काढायचे, अशी सूचना द्राक्षबागायतदार खंडेराव यांनी मांडली. पुंजाराम उठला आणि त्याने तांब्या सांडला.

"एकवीस दिवस पायजे. लांबी मोठी हाय, स्लॅब अजून कच्चा हाय."

"तुम्ही मिस्तरी लोक एकवीस सांगता म्हणजे बारा समजायचे," खंडेराव म्हणाले. लोक हसले.

अक्काबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "का रं पुंजा, एका तांब्यापायी गाव किती दिवस अडवायचं? तूच म्हनला व्हता ना?"

नऊच जण उभे राहिले. पुंजारामची बायको साळूबाई बसून राहिली.

शनिवारी सकाळी पुंजारामने पहिल्या टेकूवर घण घातला. बाकीचे इतरांनी काढले.

सोमवारी मंडळाची चिटणीस हर्षाली ठरावांची वही घेऊन पोलीस ठाण्यात गेली. ती पंचवटीत एका औषधाच्या दुकानात काम करते. वहीत शुक्रवारची एकच ओळ होती: टेकू काढण्याचे सर्वानुमते ठरले. विरोधाची नावं लिहायची नाहीत, मनं दुखावतात, ही जुनी रीत.

"सर्वानुमते म्हणजे कोणी?" अधिकाऱ्याने विचारलं.

"सगळ्यांनी, साहेब."

"मग सगळ्यांना गाडीत घालू का? ताई, मला एक नाव द्या. नसेल तर माझ्याकडे एक आहेच."

त्याने वहीची प्रत काढून घेतली आणि मंडळाचं लेखी म्हणणं शनिवारपर्यंत मागितलं.

ठाण्याच्या पायरीवर साळूबाई डबा घेऊन बसली होती.

"त्यांनी नाय म्हनलं व्हतं, हे लिहिलंय ना वहीत?"

"नाही, मावशी."

"आता लिव्ह की."

"प्रत घेतली त्यांनी. आता लिहिलं तर खोटं ठरेल."

साळूबाई थोडा वेळ डब्याचं झाकण दाबत राहिली. "मी त्या दिशी उठले नाय," ती म्हणाली. "सगळ्या बाया बसल्या व्हत्या."

गुरुवारी पाच वाजता शाळेच्या पटांगणात बैठक झाली. हजर तीनशे अठ्ठ्याहत्तर. खंडेराव यांनी मजकूर वाचला: टेकू कधी काढायचे हे मंडळाने मिस्तरीवर सोपवले होते.

"हे खोटं आहे, दादा," हर्षाली म्हणाली.

"खोटं नाय, आवरतं घेतलेलं हाय. सहाशे माणसं कोर्टाच्या दारात उभी करून दोन जीव परत येतील का? पुंजारामला वकील आपण देऊ. घराकडं बघू."

हर्षालीने उठून तांब्या सांडला. विषय थांबायला एकशे सव्वीस माणसं हवी होती. सगळ्यात आधी साळूबाई उभी राहिली, मग काठी टेकत अक्काबाई. सविताचा नवरा मनोज उभा राहिला. मोजणी दोनदा झाली. दोन्ही वेळा एकशे एकोणीस भरले.

"सात कमी," मोजणारा म्हणाला.

खंडेराव यांनी कोरा कागद हर्षालीपुढे ठेवला. आवाज चढवला नाही. "नियम तुला ठाऊक हाय, पोरी. पहिला हात तुझा. तुझ्या अक्षरात लिही, खाली तुझी सही, मग आमच्या."

तिने कागद घडी करून वहीत ठेवला. उद्या देते, म्हणाली.

शुक्रवारी ती दुकानात आली नाही. शनिवारी दुपारी बारापर्यंत मंडळाचं कोणतंही लेखी म्हणणं ठाण्यात पोहोचलेलं नव्हतं. पुंजाराम कोठडीत आहे. त्याने स्वतः दिलेल्या जबाबात, टेकू मीच काढला, एवढंच वाक्य आहे. हर्षालीचा फोन बंद आहे. वही आणि कोरा कागद तिच्याकडेच आहेत.