पिवळी पडलेली बाटली

सोमवारी सकाळी दहा वाजता न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनबाहेरच्या दफनभूमीत कोहूच्या पेशी पुरल्या. सहा वर्षांच्या कोहूच्या त्वचेचा तुकडा काढून प्रयोगशाळेत वाढवला होता. काम संपलं की एकूण एक पेशी, गोठवलेल्यासुद्धा, त्याच्या माओरी घराण्याकडे परत, असं ठरलं होतं. त्याच्या आजीने, नॅनी केरेने, प्रार्थना म्हटली आणि खड्ड्यात माती लोटली.

"पोर कापलंस तू, आणि खड्डा म्हातारीकडून बुजवून घेतलास," ती प्रयोगशाळेतल्या रोवेनाला म्हणाली. सगळे हसले. रोवेनाही हसली.

पेशी तिनेच तपासल्या होत्या. पीपीआयबी या जनुकापासून बनणारं विकर, म्हणजे एन्झाइम, हाडांतल्या कोलॅजेन या प्रथिनाची घडी बसवायला मदत करतं. घडी बसली नाही तर ते पेशीबाहेर पडत नाही, आतच अडकतं. कोहूची हाडं पलंगावरून उतरतानाही मोडतात, आणि त्याच्या पीपीआयबीत एक बदल आहे. दुखणं त्या बदलानेच आलंय की दुसऱ्या कशाने, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याची आई मेरेआना पाच महिन्यांची गरोदर आहे, आणि पोटातल्या बाळातही तोच बदल; ते बाळ ठेवायचं की नाही, हे या तपासणीवरच ठरणार होतं. शुक्रवारी रोवेनाने कळवलं: कोलॅजेन आत अडकलंय, दोष जनुकाचाच.

प्रयोगशाळेत परतल्यावर रोवेना मागची खोली आवरायला गेली. उंदरांच्या पेशींशेजारी आमचं पोर ठेवायचं नाही, असं नॅनीने बजावलं होतं. म्हणून कोहूच्या पेशींना वेगळी खोली, वेगळा इन्क्युबेटर, आणि देखभालीला सहायक लॅकलन. फ्रिजच्या दारात कोहूच्या पेशींना रोज घालायच्या क जीवनसत्त्वाची बाटली होती. द्रावण पिवळं पडलं होतं.

"लॅकलन, हे कधीचं?"

"आठवडाभराचं एकदमच करून ठेवलं होतं. रोज तिकडे हेलपाटे कोण घालणार?"

"तुलनेसाठीच्या निरोगी पेशींना मी रोज ताजं घालत होते."

"मग?" तो म्हणाला, आणि बाटली उजेडाला धरली. ताजं जीवनसत्त्व मिळालं नाही तर धडधाकट पेशीतही कोलॅजेनची घडी बसत नाही.

पुन्हा तपासायला कोहूची एकही पेशी शिल्लक नव्हती. रोवेनाने मेरेआनाला फोन लावला. उचलला नॅनीने.

"ती आत गेलीय, डॉक्टरांना निर्णय सांगायला. मी बाहेर बसलेय पोराला घेऊन. बोल."

रोवेनाने सगळं सांगितलं.

"म्हणजे याला परत कापणार?"

"हो, नॅनी. आणि पेशी वाढायला दीड महिना लागेल."

"तेवढा वेळ आहे का तिच्याकडे?"

रोवेनाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडे मोजले.

"माझ्याच हातून माती टाकून घेतलीस गं," नॅनी म्हणाली. "थांब, दार वाजवते."

फोन चालूच राहिला. खुर्ची सरकली. दार वाजल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला, या वेळी जोरात. पलीकडे कोहू कोणाला तरी विचारत होता, आई कधी येणार.

दार अजून उघडलं नव्हतं.