त्या मनगटाचे काय झाले

मुलाखतींच्या शेवटच्या आठवड्यातील मंगळवारी, दुपारच्या सत्रात, वैद्यकीय महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत, प्रवेश समितीच्या तिन्ही सदस्यांसमोर जो उमेदवार बसला होता, तो वयाने इतरांहून बराच मोठा होता आणि त्याच्यावर एक गुन्हा सिद्ध झालेला होता. या दोन्ही गोष्टी त्याने स्वतःच अर्जात लिहिल्या होत्या. लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते. सांगून सांगून ते प्रकरण दारातल्या पायपुसण्यासारखे विटून गेले होते.

गुन्हा मोठा नव्हता. क्षुल्लक म्हणावा असाही नव्हता. एकोणिसाव्या वर्षी, मुदत संपलेल्या पासावर बसमधून जात असताना, तिकीट तपासनिसाने उतरायला सांगितले म्हणून त्याने हुज्जत घातली आणि पायरीवर उभ्या असलेल्या त्या माणसाला धक्का दिला. तपासनीस खाली फरशीवर हात टेकून पडला आणि त्याचे उजवे मनगट मोडले. धक्का देणाऱ्याच्या घरी त्या दिवशी कोणी आजारी नव्हते, त्याच्या पोटात भूक नव्हती, त्याच्यावर कोणी अन्याय केला नव्हता. त्याला उशीर झाला होता आणि तो चिडलेला होता. यापलीकडे कारण नव्हते, आणि त्याच्या मामांच्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी उणीव हीच होती.

न्यायालयाने दंड केला आणि सहा महिने रुग्णालयात विनावेतन काम करण्याची शिक्षा दिली. रुग्णालयाने त्याला प्लास्टरच्या खोलीत धाडले. शिक्षा संपली; दुसरीकडे कोणी कामावर घेईना, म्हणून तो तिथेच पगारावर राहिला. आता सात वर्षांनी त्या खोलीत त्याला सगळे चुनखडी म्हणत, कारण संध्याकाळपर्यंत तो भुवयांसकट पांढरा झालेला असे. पट्टी कोमट पाण्यात किती वेळ धरावी, ओले प्लास्टर बोटांनी न दाबता तळव्यानेच का चोपावे, हे त्याला झोपेतही सांगता आले असते. परंतु दुसऱ्याने जुळवलेले हाड नुसते गुंडाळत बसण्याचा त्याला वीट आला होता. ते जुळवावे कसे, हे त्याला शिकायचे होते. यापूर्वी दोन महाविद्यालयांनी त्याला नाकारले होते, आणि पुढल्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

रविवारी मामांनी त्याची तयारी करून घेतली होती. मामा एका वकिलाकडचे जुने कारकून आणि त्या नात्याने घरातल्या सगळ्यांचे वकील.

"भाच्या, गुन्हा सांगायचा नसतो; गुन्ह्यातून आपण काय शिकलो, ते सांगायचं असतं. आणि शेवटी आवाज जरा ओला होऊ दे. जरासाच. गळायला लागलास तर नळ समजतील."

"आणि नाहीच झाला ओला, तर?"

"तर खाली मान घालून टेबलाकडे बघ. इतक्या वर्षांत तेवढंही जमलं नसेल, तर डॉक्टर काय होणार तू, कपाळ?"

ताई त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. "मामा, याचं भाषण मलाही पाठ झालंय," ती म्हणाली. "खोलीच्या मालकिणीला ऐकवलं, रात्रशाळेत ऐकवलं, माझ्या सासऱ्यांनासुद्धा सोडलं नाही. हा बोलायला लागला की वाटतं, धक्का यालाच बसला होता."

"ताई, तू माझ्या बाजूची की त्यांच्या?"

"मी इस्त्रीच्या बाजूची. हात पुढे कर, बाही बघू दे."

आई कोपऱ्यात खुर्चीवर बसून होती. न्यायालयातही ती अशीच बसली होती. "हो म्हणोत की नाही म्हणोत," ती म्हणाली, "एकदाचं काय ते सांगून टाकोत. मला आता वाट बघायचासुद्धा कंटाळा आलाय रे."

समितीपुढे चुनखडीने पाठ केल्याप्रमाणेच सुरुवात केली. त्या एका क्षणाने माझे आयुष्य बदलले, मी रागावर ताबा मिळवायला शिकलो, शिक्षेलाच मी संधी मानले. स्वतःचाच आवाज त्याला शेजारच्या खोलीतून येत असल्यासारखा वाटत होता. एका बाजूला बसलेले शल्यचिकित्सक सहानुभूतीने मान डोलावत होते. दुसऱ्या बाजूचा तरुण प्राध्यापक काहीतरी टिपून घेत होता. मधोमध बसलेल्या अध्यक्षबाई वयस्कर होत्या आणि सकाळपासून माणसे ऐकून थकल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या माणसाचा हात आता कसा आहे?"

"बरा झाला असेल," चुनखडी म्हणाला.

"असेल?"

"म्हणजे... मला माहीत नाही, बाई."

प्रश्न अवघड नव्हता. उलट त्याच्या धंद्यात याहून सोपा प्रश्न नाही. प्लास्टर कापून काढल्यावर तो प्रत्येक रुग्णाला सांगत असे: मूठ वळवा, सोडा, तळहात पालथा करा, आता उताणा. असे किती हात त्याने तपासले असतील, याची गणती नव्हती. मात्र जे मनगट त्याने स्वतः मोडले होते, त्याची चौकशी त्याने केली नव्हती. चौकशी टाळलीही नव्हती. टाळायला आधी आठवावे लागते. त्याच्या कहाणीत तो तपासनीस बसच्या पायरीवरून जो पडला, तो पुन्हा उठलाच नव्हता.

"बाई, हा प्रश्न काही वैद्यकाचा नव्हे," शल्यचिकित्सक म्हणाले.

"मग कशाचा आहे?" बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "त्या माणसाला विचारून शुक्रवारी या. त्यांना तुम्हाला भेटायचं नसेल, तर आल्या पावली परत फिरा आणि आम्हाला तसं सांगा. तेही उत्तरच होईल."

आगारात विचारल्यावर कळले, तपासनीस आता गाड्यांवर नव्हते. बस आगाराच्या मागल्या अंगाला हरवलेल्या वस्तूंची खिडकी होती. तिच्याआड, छत्र्या, डबे आणि एकेकट्या हातमोज्यांच्या ढिगाऱ्यात ते बसत. गुरुवारी दुपारी चुनखडी रांगेत उभा राहिला.

"काय हरवलं?" मान वर न करता त्यांनी विचारले.

"काही नाही."

"मग रांगेत कशाला? करमत नाही घरी?"

त्याने आपण कोण आणि प्लास्टरच्या खोलीत काम करतो, ते सांगितले, आणि नको असल्यास लगेच जातो, असेही सांगितले. तपासनिसांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात रागाचा अंश असला तरी फार थोडा होता; बिघडलेले घड्याळ पुन्हा दुरुस्तीला आलेले पाहून घड्याळजी पाहील, तसे ते पाहणे होते.

"जाड झालास," ते म्हणाले. "आत ये. बाजूला दार आहे. ते ढकलावं लागतं. ढकलायची सवय आहेच तुला."

आत दोन स्टुले होती. एकावरच्या छत्र्या तपासनिसांनी डाव्या हाताने उचलून खाली ठेवल्या.

"माफी मागायला आला असशील, तर नको. कोर्टात मागितलीस, ती मी ऐकली. वकिलाने लिहून दिली होती. अक्षर चांगलं असावं, अडखळला नाहीस. आता पुन्हा मागशील, म्हणजे मला पुन्हा काहीतरी द्यावं लागणार. आज कंटाळा आलाय."

"हात कसा आहे, ते विचारायला आलोय."

"आज? सात वर्षांनी?"

"डॉक्टरकीच्या प्रवेश समितीने विचारलं. मला सांगता आलं नाही."

"म्हणजे त्यांनी विचारलं नसतं, तर?"

चुनखडीला मामा आठवले. या प्रश्नावर मामांनी एखादे सुरेख वाक्य दिले असते. "नसतो आलो," तो म्हणाला.

"हं. खरं तरी बोललास." तपासनिसांनी बाही वर सारली. "बघ मग."

मनगट अंगठ्याच्या बाजूला कलले होते आणि करंगळीच्या बाजूचे हाड उंच आले होते. चुनखडीने त्याला आधी हात लावला नाही. "दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा," तो म्हणाला. "आता तळहात उताणे करा. कोणी काही द्यायला आलं, तर हात पसरतो ना, तसे."

डावा तळहात छताकडे वळला. उजवा अर्ध्या वाटेतच थांबला.

"जन्मात कुणापुढे हात पसरला नाही," तपासनीस म्हणाले, "आणि आता पसरायचं मनात आणलं, तरी हा पसरत नाही. प्रवासी तिकीट हातावर ठेवी, ते घसरून खाली पडे. दर वेळी वाकायचं. म्हणून इथे बसवलं." चुनखडीने तळहात पालथा करायला लावला, आपली दोन बोटे आवळायला दिली; दोन्ही जमले. तपासनिसांनी बाही खाली ओढली. "तू त्यातलाच म्हणतोस. मग सांग. सुधारेल?"

"मी डॉक्टर नाही. दिसतं तेवढं सांगतो. हाड वाकडं जुळलंय. आपोआप सुधारणार नाही. शस्त्रक्रियेने थोडा फरक पडेलही, पण ते हाडांच्या डॉक्टरांनी सांगायचं."

"सांगितलं त्यांनी. अगदी हेच, फक्त साखर घालून." बाहेर कोणीतरी खिडकीवर टकटक केली. तपासनीस उठले. "जा आता. दार ओढून घे. मला ते एका हाताने लागत नाही."

शुक्रवारी, त्याच खोलीत, चुनखडीने जे पाहिले ते सांगितले: तळहात पालथा होतो, उताणा अर्धाच होतो, पकड बरी आहे, जड दार लावता येत नाही, गाडीवरचे काम त्यामुळेच सुटले. सांगायला फार वेळ लागला नाही. मामांचे भाषण याच्या तिप्पट लांब होते.

"त्यांनी क्षमा केली का?" तरुण प्राध्यापकाने विचारले.

"नाही. मागूच दिली नाही."

"क्षमेबद्दल आपण विचारलंच नव्हतं," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि चुनखडीकडे वळल्या. "मी विचारलं नसतं, तर तुम्ही कधी गेला असतात?"

"नाही, बाई. त्यांनीही हेच विचारलं. त्यांनाही मी हेच सांगितलं."

"बाहेर थांबा."

बाहेरच्या बाकावर आई आणि ताई बसल्या होत्या. ताईने त्याच्या बाहीवरची चुरगळ बोटाने सरळ केली; ती पुन्हा पडली. आतून शल्यचिकित्सकांचा चढलेला आवाज आला, मग बाईंचा संथ आवाज. आईने डोळे मिटून घेतले होते. ती झोपली होती की नाही, हे कळत नव्हते.

दार उघडून अध्यक्षबाई स्वतः बाहेर आल्या. चुनखडी उठून उभा राहिला.

"हे दोघं म्हणतात, खरं बोलणारा विद्यार्थी मिळतोय, तो घ्यावा. माझं म्हणणं, प्रश्न दुसऱ्याने विचारावा लागला, आणि सात वर्षांनी. मी विरुद्ध मत दिलं आणि तसं नोंदवलं. दोनास एक. तुम्हाला प्रवेश दिला आहे."