कमरेची दोरी

"दादा, रंग संपला. दुसरा डबा सोड."

रंगाऱ्याने मान वर करून हाक दिली. वरून उत्तर आलं नाही, आलं ते गाणं. थोरला भाऊ गच्चीवर बसून देवाचं पद आळवत होता, आणि एकदा त्याची तंद्री लागली की आभाळ कोसळलं तरी त्याला पत्ता नसे.

पाचव्या मजल्याच्या उंचीवर फळीवर बसून रंगारी हसला. फळी दोन जाड दोरांना टांगलेली, ती वरखाली करायची त्याची त्यानेच. तिसरी दोरी कमरेला, आणि तिचं वरचं टोक दादाच्या हातात. पहिल्यांदा फळीवर बसताना त्याचे दात वाजत होते, तेव्हा दादा म्हणाला होता, "खाली बघू नकोस. माझा आवाज येतोय ना, तोवर तू माझ्या हातात आहेस." त्या एका बोलावर त्याने अर्धं शहर रंगवलं. बायको चिडवायची, "तुमचा देव गच्चीवर बसतो." तो म्हणायचा, "मग? निदान आवाज तरी देतो."

पुन्हा हाक मारूनही दादा ऐकेना, तेव्हा त्याने कमरेची दोरी सोडून फळीला अडकवली आणि शेजारच्या उघड्या खिडकीतून आत पाय टाकला. घरातल्या नर्सबाई कामावर निघण्याच्या गडबडीत होत्या.

"अहो, माणसं दारातून येतात."

"जाताना दारातून जातो, ताई. डबा घेऊन आलोच."

जिना चढून त्याने गच्चीचं दार ढकललं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत दादा डोळे मिटून गात होता. दोन्ही हात मांडीवर. मोकळे.

दोरी कठड्याजवळच्या जुन्या पाइपाला गुंडाळलेली होती. रंगाऱ्याने पाइपाला नुसता हात लावला. गंजाचे पापुद्रे गळले आणि पाइप दुधाच्या दातासारखा डुलला.

दोरी नेहमी सैल का, असं विचारलं की दादा सांगायचा, "ताणून धरली तर तुला हलता कसं येईल?" आणि त्याला ते पटायचं. आजवरच्या साऱ्या भिंती त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या, आणि प्रत्येक भिंतीवरून तो आत्ता, मागाहून पडला.

"दादा."

गाणं तुटलं. दादाने त्याच्याकडे पाहिलं, मग पाइपाकडे.

"कधीपासून?"

दादाने हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "तुझं लग्न झालं त्या सुमारापासून. भरला पेलाही फार वेळ धरवत नाही."

"सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर भिंतीवर उतरला असतास?"

"नसतो उतरलो."

"मग घर कशावर चाललं असतं?" दादाने हात मागे घेतले. "पण गात होतो ते खोटं नव्हतं रे. थांबलो तर तू पडशील, असंच वाटायचं मला. श्वास घ्यायचीसुद्धा भीती."

रागवावं तर समोर तोच माणूस, ज्याच्या पाठीवर तो लहानपणी झोपून जायचा. भिंत अर्धी राहिली होती. रंगाऱ्याने दोरी पाइपावरून सोडवली, गच्चीच्या खांबाला बांधली, सगळा भार टाकून ओढून पाहिली आणि गाठीवर आणखी एक गाठ मारली. दादा अपराध्यासारखा बघत राहिला. रंगाचा डबा उचलून तो जिना उतरला.

खाली नर्सबाई कुलूप घेऊन ताटकळत होत्या. "काय हो, चेहरा का असा पांढरा पडलाय?"

"काही नाही, ताई. चढलो ना जिना."

कमरेला दोरी बांधून तो खिडकीच्या चौकटीवर उभा राहिला, आणि त्याने खाली पाहिलं. रस्ता फार खोल होता. तळहातांना घाम फुटला. ते पँटला पुसून, डबा अडकवून तो कसाबसा फळीवर बसला.

कठड्यावरून दादाचं डोकं पुढे आलं. "गाऊ का रे?"

"नको, दादा." मग त्याच्या मनाला लागू नये म्हणून तो म्हणाला, "आज नको."

डोकं तिथेच राहिलं. फळी हलली तसे वरचे दोर करकरले. रोजच करकरत असणार. त्याने आज पहिल्यांदा ऐकले. एका हाताने दोर घट्ट धरून त्याने दुसऱ्या हाताने ब्रश बुडवला.